हौस कुणाची, मोल कुणाचं?



गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीच्या मैदानावर कबड्डीच्या स्पर्धा झाल्या. तिसरी पाळी सुटली तसे आम्ही सहाजण गिरणीच्या गेटवरून सरळ मैदानावर. माती चाळली, खडे वेचले, पाणी मारलं, दोरी ताणून फक्की टाकली. तेरा मीटर बाय दहा मीटर. मध्यरेषा, निदानरेषा, राखीव पट्टे. हे काम आम्ही दरवर्षी करतो. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, पंचांचा चहा घरून आणतो, चषक दुकानातून उधारीवर उचलतो आणि पगाराला पैसे देतो.

यंदा फरक एवढाच झाला की स्पर्धेला प्रायोजक मिळाला. प्लॉट विकणारी एक कंपनी. कमानीवर तिचं नाव, खेळाडूंच्या छातीवर तिचं नाव, मैदानाच्या चारी अंगांना तिचंच नाव. आम्हालाही एकेक टी-शर्ट मिळाला. पाठीवर छापलं होतं, ‘स्वयंसेवक’. बक्षीस समारंभाला स्टेजवर खुर्च्या होत्या अठरा, त्यावर आमच्यातला एकही नव्हता. उपांत्य सामन्यात आमच्या एका पोराचा गुडघा गेला. त्याला आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा स्टेजवर सत्कार चालू होते. रात्री आम्ही हिशेब विचारला. किती आले, किती गेले, पोराच्या औषधाला काय? उत्तर आलं, “हौसेला मोल नसतं रे. तुम्ही हौशी पोरं. पैशाचं कशाला बोलता?”

हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. हौशी. रिंगवर तुटला धागा सांधताना रात्ररात्र तोच शब्द. आपल्या देशातल्या कबड्डी महासंघाच्या नावातही हाच शब्द आहे, अमॅच्युअर. म्हणून शोधत गेलो. वाचनालयात मिळालं ते वाचलं, म्हाताऱ्या कामगारांना विचारलं. मी प्राध्यापक नाही, सायडर आहे. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

साहेबाची हौस

हा शब्द विलायतेतून आला, आणि तिथेही तो धनवंतांनीच घडवला. एकोणिसाव्या शतकात तिकडे खेळांचे नियम लिहिले गेले. लिहिणारे कोण? मोठ्या शाळाकॉलेजांतून निघालेले जमीनदारांचे, वकिलांचे, व्यापाऱ्यांचे मुलगे. त्यांना खेळासाठी पैसा नको होता, कारण पैसा घरी होता. त्यांनी ठरवलं, पैशासाठी खेळणारा हलका. मग पुढची पायरी. टेम्स नदीवर हेन्लीला होड्यांच्या मोठ्या शर्यती होतात. तिथल्या कारभाऱ्यांनी १८७९ साली हौशी कोण याची व्याख्या केली. तीत लिहिलं की जो मजुरीवर काम करणारा मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर आहे, किंवा पूर्वी होता, तो हौशी नव्हे. म्हणजे पैसे घेऊन होडी वल्हवली की नाही हा प्रश्नच नाही. हाताने काम करून पोट भरलं, एवढाच गुन्हा. ‘आहे किंवा होता’ हे शब्द नीट वाचा. एकदा मजूर तो कायमचा मजूर. ही व्याख्या वाचून मी हसलो. आपल्याला ही ओळखीची आहे. हिला आपल्याकडे मनूचं नाव आहे.

१९२० साली अमेरिकेचा जॉन केली हेन्लीला उतरायला निघाला. हा गवंडीकाम केलेला माणूस. हातकामाच्या नियमावर बोट ठेवून आणि त्याच्या क्लबावरची जुनी बंदी पुढे करून त्याचा अर्ज नाकारला. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक घेतलं, तेही हेन्लीच्या त्या वर्षीच्या विजेत्याला मागे टाकून. मजुरांना वगळणारं ते कलम हेन्लीने काढलं १९३७ साली.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातली, गिरणी कामगारांची. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर आणि लँकेशायर, म्हणजे लोकर आणि कापसाच्या गिरण्यांचा मुलूख. तिथले कामगार आणि खाणकरी रग्बी खेळत. शनिवारी अर्धा दिवस काम असे. परगावी सामना असला की सकाळची पाळी बुडायची, खाडा पडायचा, मजुरी कापली जायची. क्लबांनी मागणी केली, खेळाडूला निदान खाड्याची भरपाई देऊ द्या. नफा नको, बक्षीस नको, बुडालेला रोज तेवढा द्या. १८९३ साली रग्बी युनियनच्या सभेत हा ठराव आला. २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. साहेब म्हणाले, याने खेळाची शुद्धता जाईल. शुद्धता! हा शब्द कुठे ऐकला ते तुम्हाला सांगायला नको.

२९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि बाहेर पडले. त्यांनी आपली वेगळी युनियन काढली, आणि दिवसाला सहा शिलिंगपर्यंत खाडाभरपाई मान्य केली. त्यातूनच पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला. आणि शुद्धतावाले? त्यांनी बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, आपला खेळ पैशासाठी खुला केला. तेव्हा समोर टेलिव्हिजनचा पैसा होता. कामगाराच्या सहा शिलिंगाने जी शुद्धता जात होती, ती कोट्यवधींनी गेली नाही.

ऑलिंपिकचंही तेच. जिम थॉर्प हा अमेरिकेतला आदिवासी. १९१२ साली स्टॉकहोमला त्याने दोन सुवर्णपदकं जिंकली. आधी कधीतरी थोड्या पैशासाठी तो लहानशा लीगमध्ये बेसबॉल खेळला होता हे निघालं आणि १९१३ साली पदकं काढून घेतली. तो १९५३ साली मेला. पदकं घरच्यांना मिळाली १९८३ साली, आणि एकट्याचा विजेता म्हणून त्याचं नाव नोंदायला २०२२ साल उजाडलं.

रोलर ओढणारा

आता घरी येऊ. पळवणकर बाळू, जन्म १८७६, चांभार जातीचे. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचं, रोलर ओढायचं काम करत. मग गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर. तिथे जाळी बांधायची, आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकायची. त्यातून हा माणूस देशातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९०६ साली हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियनांना हरवलं त्यात त्यांचा हात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. पण मैदानात चेंडू त्यांच्या हातून घेणारे सवंगडी चहाला मात्र त्यांना बाहेर बसवत, वेगळ्या मातीच्या भांड्यात. संघाचं रीतसर कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं, आणि तेही भांडून.

काहीजण म्हणतील, बाळूंचं काय सांगता, ते १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. राहिले, आणि पडले. राजकारणात ते चुकले असं मीही म्हणतो. पण म्हणून त्या रोलरवरचा घाम पुसून टाकायचा नाही. मैदान तयार करणारा हात आणि मैदानावर नाव कमावणारा हात एकाच माणसाचा होता, हे आपल्या इतिहासातलं मोठं उदाहरण आहे. आणि हौशी संघांच्या त्या काळात मैदानावर राबून पगार घेणारा अस्पृश्य होता, हेही.

शिवाशिवीचा खेळ

कबड्डी आपली. हुतूतू म्हणा, तमिळनाडूत चेडुगुडू म्हणा, बंगालात हाडुडू. पायात बूट नको, हातात बॅट नको. एक मातीचा तुकडा, सात पोरं आणि छातीतला दम. या खेळाचा सगळा डावच शिवण्यावर. ज्या देशात शिवला म्हणून माणूस मार खायचा, त्या देशात हा खेळ म्हणतो, शिव आणि परत ये.

१९१८ साली साताऱ्याला नियम बांधायची खटपट झाली, १९२३ साली बडोद्याला ते छापले गेले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे हा खेळ दाखवला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ आला आणि १९७२ साली ‘अमॅच्युअर’ हे नाव लावून नवा महासंघ. महाराष्ट्रात बुवा साळवींनी आयुष्य या खेळात घातलं. १५ जुलै, त्यांचा जन्मदिवस, कबड्डी दिन म्हणून पाळतात. हा झाला कागदावरचा इतिहास.

कागदाबाहेरचा इतिहास लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, वरळीच्या चाळींत आहे. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. साच्यावर का नाही? कारण तिथे जुन्या काळी धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. तो बंदीचा काळ सरला तरी आमच्या लोकांची वाट रिंग खात्याकडेच पडलेली. आजोबा सांगत, दिवसा खात्यात अंतर राखणारे संध्याकाळी मैदानात पाय धरायला मिठी मारत. चढाईला आलेल्याची जात बघत बसलं तर तो शिवून पळून जातो. मैदानाची रेघ ओलांडली की जात पुन्हा हजर. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं ते आपण विसरलो नाही. तेव्हा खेळाने जात मोडली असली भाबडी गोष्ट मी सांगणार नाही. खेळाने ती चाळीस मिनिटं थांबवली, एवढंच म्हणतो.

त्या मंडळांचा खर्च कोण करत असे? चाळीतला प्रत्येक खोलीवाला, चार आणे, आठ आणे. मैदान आखणारे, गुण लिहिणारे, रात्री बत्ती धरणारे सगळे पाळी करून आलेले. पुढे १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्याने कामगारांच्या पगारातून कपात सुरू झाली. त्या निधीवर चालणाऱ्या कल्याण केंद्रांतूनही कबड्डी वाढली. म्हणजे वर्गणी आमची, कपात आमची, घाम आमचा. काही गिरण्यांनी चांगले खेळाडू नोकरीवर ठेवून संघ बांधले. ते कागदावर हौशी. खरं तर तीही कामगारांनी मिळवलेली खाडाभरपाईच होती. नोकरी लागली की घर चालायचं आणि खेळही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संप कधी रीतसर मिटलाच नाही. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि जमिनी विकल्या गेल्या. त्याबरोबर गिरण्यांचे संघ गेले, चाळीची वर्गणी आटली. आजोबा गावाकडे परतले. याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांत कबड्डीचं प्रदर्शन झालं, आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ म्हणून पहिलं सुवर्ण मिळालं. खेळ वर चढत होता, आणि ज्यांनी तो खांद्यावर धरला ते खाली बसत होते.

लिलाव

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग आली. मातीच्या जागी मॅट, हॅलोजनच्या जागी रंगीत झोत, चढाईला तीस सेकंद. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजार. २०२३ च्या लिलावात ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. २०१५ साली लीग चालवणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीनेच घेतला. म्हणजे सामना दाखवणारा आणि सामन्याचा मालक एकच.

आता मी पैशाविरुद्ध बोलेन असं वाटेल. नाही बोलणार. शेतमजुराचं पोर दम धरून पन्नास लाख कमावतं, आईला पक्कं घर बांधतं, त्यात माझ्या पोटात दुखण्यासारखं काय आहे? उपाशीपोटी शुद्ध खेळा हे शिकवणारे कोण होते ते वर सांगितलं. आपल्यातले काही जुने कार्यकर्ते ‘पैशाने खेळ बाटला’ म्हणतात. मित्रांनो, बाटणं हा आपला शब्दच नव्हे.

माझा प्रश्न पैसा कुठे थांबतो हा आहे. मंडळाच्या मैदानावर दहा वर्षं घडवलेलं पोर लिलावात जातं, त्यात मंडळाचं नाव कुठे येतं? मैदान आखणाऱ्याला काय मिळतं? मुलींना काय मिळालं? त्यांनी २०१० आणि २०१४ ला आशियाई सुवर्ण आणलं. २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या लीगसोबत भरवली गेली, आणि पुढच्या वर्षी ती दिसली नाही.

आणि ‘हौशी’ महासंघ? तिथे १९८४ पासून जवळजवळ तीस वर्षं एकच अध्यक्ष. ते उतरले ते तहहयात अध्यक्ष झाले, आणि खुर्चीवर पत्नी आली. एका जुन्या खेळाडूने कोर्टात धाव घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या निवडी रद्द करून निवृत्त सनदी अधिकाऱ्याला प्रशासक नेमलं. त्याच महिन्यात जकार्ताला आपला पुरुष संघ इराणकडून उपांत्य फेरीत हरला आणि मुली अंतिम फेरीत इराणकडूनच. कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवायला पुढे २०२५ साली सुप्रीम कोर्टाचा आदेश लागला. पैसा येण्याआधीपासून खुर्ची अशी धरलेली होती. म्हणून ‘पैसा वाईट, हौस चांगली’ ही वाटणी खोटी आहे. हौसेच्या नावाखालीही मालकी असते.

गावकी की दल?

फुकट राबणं म्हणजे काय हे आपल्या बापजाद्यांइतकं कुणाला कळत नाही. महाराने वेशीवर पहारा द्यायचा, सांगावा न्यायचा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात शिळी भाकर, आणि वर सांगायचं, हा तुझा मान आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, ते या मानाचा बुरखा फाडायला. फुकट कामाला मान म्हणणं ही मालकाची भाषा आहे. माझ्या पाठीवरचा तो टी-शर्ट मला त्या रात्री येसकराच्या काठीसारखा वाटला.

पण आपल्याकडे दुसरा वारसाही आहे. महाडच्या दिवसांपासून समता सैनिक दलाचे जवान परिषदांना पहारा देत, मंडप घालत, वाटखर्च स्वतःचा करत. तेही फुकटच होतं. मग फरक कुठे? फरक एवढा, की ती परिषद त्यांची होती. काय ठरवायचं ते तिथे बसून ठरत होतं, आणि त्यातून जे मिळणार ते त्यांच्याच पोरांना मिळणार होतं. हा अंक काढायला आपणही पदरमोड करतो. कुणी आपल्याला बिगारी म्हणत नाही, कारण अंक आपला आहे.

तेव्हा मोजमाप सोपं आहे. काम फुकट की विकत हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा. ठरवतं कोण? हिशेब कुणाकडे? ही दोन उत्तरं आपल्या बाजूची असली तर अर्ध्या रात्रीही मैदान आखू. नसली तर ती गावकी आहे, मग तिला क्रीडाप्रेम म्हणा की समाजसेवा.

आमच्या वस्तीत काय झालं ते सांगून थांबतो. त्या पोराच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आम्ही पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर चादर धरली. सगळ्या जातीच्या कामगारांनी टाकलं. पोराचा महिनाभराचा खाडा पडला, तोही त्यातून भरला. मग बैठक घेतली. ठरवलं, यंदा प्रायोजक येऊ दे, पण आधी कागदावर. जमा-खर्च शेवटच्या दिवशी मैदानात माईकवर वाचायचा. समितीत निम्मे लोक राबणारे. पहिला खर्च खेळाडूंच्या विम्याचा, चषकाचा नंतर. मुलींचे सामने त्याच मैदानावर, संध्याकाळी, दिव्यांखाली, दुपारच्या उन्हात नव्हे. यातलं काहीच नको असेल तर कंपनीने स्वतःची माती स्वतः चाळावी.

कंपनीचा माणूस पुन्हा आला नाही. त्याच्याऐवजी शेजारच्या वस्तीतली पोरं आली, म्हणाली, तुमचा तो कागद आम्हाला पण द्या. आम्ही दिला. ज्याला पाहिजे त्याने मागावा, हाताने उतरवून पाठवू.

फक्कीचं पोतं आणलंय. वर्गणी अजून चालू आहे.

जयभीम.